नैवेद्याआधीचं मीठ

समोरच्या फ्लॅटमधली नम्रता ओढणी नाकाला लावून दारात उभी राहिली आणि "काकू, तुमच्याकडे काहीतरी जळतंय हो," म्हणाली, तेव्हा शकू स्वयंपाकघरातच, ओट्याला पाठ लावून हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर, ओट्यावरच्या गॅसवर, दुधाचं पातेलं आटून काळंठिक्कर पडलं होतं. धूर खिडकीतून निघून नम्रताच्या दिवाणखान्यात पोचला होता आणि ज्या बाईच्या केसांवरून तो गेला तिला त्याचा पत्ताच नव्हता. "सर्दी झालीय गं," शकू म्हणाली, आणि म्हणता म्हणता नाक ओढूनही दाखवलं. नम्रता "काळजी घ्या" म्हणून गेली. शकू पातेलं घासायला बसली. दूध गेलं त्याचं काही नाही. दूध जळताना आपण तिथं होतो, डोळे उघडे ठेवून होतो, आणि तरीही नव्हतो, हे तिला सोसेना. घरात कुणी परकं माणूस येऊन बसावं आणि ते आपणच असावं, तसं काहीतरी तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी विश्वजीत खराडीहून, ऑफिसातून आला. दारातच त्यानं नाक मुरडलं, आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, ऋतुजाकडे पाहिलं आणि बूट काढता काढता अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "आई, या पाडव्याला जेवण ऑर्डर करू ना. कर्वेनगरला एक काकू आहेत, माझ्या टीममधले सगळे त्यांच्याकडूनच मागवतात. एकदम घरगुती टेस्ट." घरगुती! घरात बाई बसलेली असताना घरगुती चव कर्वेनगरहून मागवायची, म्हणजे अर्धं पुणं ओलांडून. शकूनं पदर खोचला. "हा पाडवा मी करणार हाय," ती म्हणाली, "कचरूभावजींना आन् मैनाला जेवायला सांगून झालंय." सांगून काही झालं नव्हतं. पण आत जाऊन तिनं लगेच जावेला, मैनाला फोन लावला आणि ते खरं करून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र तिनं स्वतःशी एक गोष्ट पक्की केली. हा एक स्वयंपाक आपण कुणाच्या मदतीशिवाय आणि कुणाला कळू न देता पार पाडायचा. जमला तर हे घर आपलं. फसला तर भर पंगतीत आपणच सांगायचं, की माझं नाक गेलंय, जीभ गेलीय, ओटा आता सुनेचा आणि सण कर्वेनगरचा. दुसऱ्या कुणाला ते सांगायची वेळ येऊ द्यायची नाही.

थंडीतल्या तापानं नाक नेलं होतं. घरातल्या सगळ्यांनाच ताप येऊन गेला, बाकीच्यांचा उतरला तसं सगळं जागेवर आलं. शकूचा ताप जाताना वास घेऊन गेला आणि त्याच्या पाठोपाठ जिभेवरची चवही गेली. गोड, खारट, तिखट, सगळं कोमट पाण्यासारखं. आधी वाटलं, येईल चार दिवसांत. मग तुळशीबागेत जायचंय असं घरी सांगून ती एकटीच बसनं सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नाकात बत्ती घालून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "येईल. किंवा नाही येणार. हमी हवी असेल तर मिक्सर घ्या, नाकाबरोबर ती मिळत नाही." तिला हसूही आलं आणि त्यांचा रागही आला. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी मोगऱ्याचे गजरे विकायला निघालेली एक म्हातारी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. शकू त्या पांढऱ्याशुभ्र ढिगाकडे बघत राहिली आणि तिला रडू कोसळलं. म्हातारीला वाटलं, हिचं कुणी गेलं. तिनं एक गजरा असाच काढून दिला. कुणी गेलं नव्हतं आणि तरी गेल्यासारखंच होतं, हे त्या बाईला कसं सांगणार?

कारण शकूचं नाक हे साधंसुधं नाक नव्हतं. माहेरी गुऱ्हाळ होतं. ती परकर नेसायची तेव्हाच बाप तिला उसाच्या रसाच्या काहिलीच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला उभी करायचा आणि विचारायचा, "शके, उतरवू का?" उकळत्या रसाचा आधी हिरवा वास येई, मग ओल्या मातीसारखा, मग मधासारखा, आणि त्याच्याही पुढं एक वास होता ज्याला तिच्याकडे कधीच नाव नव्हतं. तो आला की ती "आता!" म्हणायची आणि चार माणसं काहील उचलायची. तिच्या शब्दावर! लग्न होऊन मांजरीत आल्यावर सासूनं पहिल्याच पाडव्याला बजावलं होतं, देवाच्या आधी जिभेला काही लावायचं नाही, नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. वासाबद्दल सासू काही बोलली नव्हती आणि शकूनं विचारलंही नव्हतं. सगळी हयात तिनं सणाचा स्वयंपाक असाच केला, न चाखता, पातेल्यावर वाकून एक लांब श्वास घेऊन. मीठ कमी असलं की आमटीचा वास पोकळ येतो, असं ती म्हणायची तेव्हा तिचे यजमान मच्छिंद्र हसायचे. खारट आळणी कुणाला वासानं कळतं का? पण तिला कळायचं. सासू गेली, जमीन बिल्डरकडे गेली, बैठं घर जाऊन त्याच जागेवर लिफ्टची इमारत आली आणि तिच्यात हा फ्लॅट मिळाला. नाक तेवढं तिनं बरोबर आणलं होतं.

पाडव्याच्या सकाळी बाल्कनीत गुढी उभी राहिली. जरीचा खण, साखरेची गाठी, आंब्याचा टहाळा, वर उपडा तांब्या. खाली अजून न विकलेला कचरूभावजींचा उसाच्या शेताचा तुकडा वाऱ्यावर हलत होता आणि त्याच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या होत्या. मच्छिंद्रांनी सगळ्यांच्या तळहातावर कडुलिंबाची चटणी ठेवली. विश्वजीतनं डोळे गच्च मिटले, ऋतुजाच्या अंगावर काटा आला. शकूनं चटणी तोंडात टाकली, चावली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण कोथिंबीर चावावी तशी चावतोय. तिनं घाईघाईनं तोंड वाकडं केलं. जरा उशीर झाला होता, पण मच्छिंद्र गुढीकडे बघत होते. कडू लागत नाही म्हणून माणसाला वाईट वाटावं, याची तिला गंमत वाटली. मग ती आत गेली आणि तिनं बांगड्या वर सारल्या.

डाळ शिजत आली होती. आज नाकाचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, असं तिनं कालच ठरवलं होतं. डोळ्यांनी, कानांनी, हातांनी. बोटांत दाबली की डाळीचा कण गिळगिळीत न होता मऊ मोडला पाहिजे. मोडला. कट गाळून वेगळा काढला, सवयीनं अर्धा बाजूला झाकून ठेवला. डाळीत गूळ घातला आणि ढवळत उभी राहिली. या वेळेला एरवी सगळं घर वासानं भरून जायचं, खालून लिफ्टनं वर येणारे लोक आपल्या मजल्यावर उगाच थांबायचे. आता पातेल्यातून नुसती वाफ वर येत होती आणि ती चेहऱ्याला ओली लागत होती. तिनं डोळे मिटले. त्या नाव नसलेल्या वासाला मनातल्या मनात हाक मारून पाहिली. वास आठवतो का माणसाला? वासाची जागा आठवते. काहिलीची कड आठवली, बापाच्या हातातला झारा आठवला, पायाखालचं उसाचं पाचट टोचलं, आणि वासाच्या ठिकाणी एक स्वच्छ भोक. तिनं दात आवळले. बरं, नको येऊस. पुरणाचा आवाज बदलला होता, आधी ते नुसतं खदखदत होतं, आता जड, एकेक बुडबुडा फुटत होता. तिनं उलथनं मधोमध उभं केलं. उलथनं उभं राहिलं. पडलं नाही. शकूला इतका आनंद झाला की तिनं एकटीनंच मान हलवली.

"आई, मी काय करू?" ऋतुजा दारात आली. ती वर्ध्याची. लग्नाला काही वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यात तिकडचं डोकावायचंच. "तुम्ही एकट्याच करून राहिल्या सगळं. पुरण वाटून देऊ?" "नको. तू पाटपाणी बघ," शकू म्हणाली. ऋतुजा गेली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे पातेल्यांवरून फिरले आणि शकूला वाटलं, ही हुंगतेय. माझ्या घरात, माझ्या देखत, ही वास घेतेय, आणि तिला येतोय! एक क्षण तिला सुनेचा खराखुरा मत्सर वाटला, तिच्या तरुणपणाचा नाही, नोकरीचा नाही, तिच्या त्या जरा बसक्या नाकाचा. मग तिला स्वतःची लाज वाटली. आमटीसाठी सुकं खोबरं भाजायला घेतलं होतं, ते लालसर झालं का एवढं ती डोळे बारीक करून पाहत राहिली. ओट्यावरच्या दिव्याखाली सगळंच लालसर दिसतं. उतरवावं की अजून ठेवावं? कढईवर वाकून तिनं नेहमीसारखा लांब श्वास घेतला. काहीच आलं नाही. ऋतुजानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण शकूनं वळून पाहिल्यावर ती पाटपाणी बघायला गेली. शकूनं आणखी दोनदा हलवून कढई उतरवली.

मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिनं हात धुतला, कोरडा केला. कटाला उकळी फुटली होती, वाटण, काळा मसाला, चिंच, गूळ पडलं होतं, वर तेलाचा तवंग आला होता. चमच्यानं तिनं कधी मीठ घातलं नव्हतं. तळहाताचा खळगा, आणि त्या खळग्यातली एक ठरलेली जागा. नाकाला विचारायची सवय होती म्हणून हाताला कधी विचारलंच नव्हतं, आज विचारलं. हात म्हणाला, एवढं. तिनं घातलं. लगेच वाटलं, कमी पडलं. मग वाटलं, जास्त झालं. पुन्हा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि तिनं तो ओढून मागं घेतला. नाही. एकदा घातलं ते घातलं. सासूच्या रीतीप्रमाणे तिनं उकळी येताच पहिली वाटी नैवेद्यासाठी काढली, पहिली पोळी तव्यावरून उतरवून तिच्यावर तूप सोडलं, भात, भजी, सगळं ताटात मांडलं आणि ताट झाकून देवापाशी नेऊन ठेवलं. मग ती साडी बदलायला गेली. परत आली तर ऋतुजा ओट्यापाशी पाणी पीत होती. बेल वाजली, मैना आणि कचरूभावजी आले, त्यांना बसवून परत येते तो मच्छिंद्र पाणी पीत होते. गुढीपुढं नैवेद्य दाखवायला ती बाल्कनीत गेली, ताट पुढं ठेवून पाणी फिरवलं, हात जोडले, आणि आत वळते तो विश्वजीत स्वयंपाकघरातून बाहेर येत होता. "पाणी," तो म्हणाला. आज सगळ्यांना भारी तहान लागलीय, शकूच्या मनात आलं. पण बाकीच्या पोळ्या व्हायच्या होत्या आणि तिला दुसरा विचार करायला सवड नव्हती.

पंगत बसली. शकूनं वाढलं. पोळ्या पातळ, कडेपर्यंत पुरण गेलेल्या, एकही फुटली नव्हती. कचरूभावजींनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात टाकला. चावायचे थांबले. मग हळूहळू चावू लागले. मैनानं आमटीचा एक भुरका मारला आणि पाण्याचं भांडं उचललं. शकू हातात तुपाचं भांडं घेऊन उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे बघत होती, बहिऱ्यानं ओठ बघावेत तशी. मच्छिंद्र, ज्यांनी उभ्या संसारात एकदाही पहिल्या घासाला खोट काढायची सोडली नव्हती, ते मान खाली घालून म्हणाले, "फक्कड झालीय आमटी." आणि शकूला कळलं. हा माणूस आपली कीव करतोय.

तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. ठरवलं होतं तसं करायचं होतं आणि ते भीत भीत करायचं नव्हतं. "खारट झालीय ना?" ती म्हणाली. "खरं सांगा. मला कळत न्हाई. थंडीपासनं मला वास न्हाई आन् चव बी न्हाई. कडुलिंब चावला तरी कळला न्हाई मला सकाळी. तुम्हाला सांगितलं न्हाई. आजचा सण निभला तर बघू म्हटलं. न्हाई निभला." एवढं बोलून ती थांबली. मान ताठ होती. पुढचं वाक्य, कर्वेनगरचं, तिच्या ओठांवर आलं होतं.

"आई, मीठ मी टाकलं," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही साडी बदलायला गेल्या ना, तेव्हा. मला वाटलं तुम्ही विसरून गेल्या असाल. मला माहीत आहे तुम्हाला वास येत नाही. तुम्ही दिलेला भाजीचा डबा दोनदा आळणी निघाला होता. नैवेद्याआधी चाखता येत नव्हतं, मग अंदाजानं टाकलं."

तेवढ्यात मच्छिंद्रांनी घसा खाकरला. "मी बी टाकलं," ते म्हणाले. "वाईच. चहात दोनदा साखर पडायला लागली तवापासनं मला ठावं हाय. म्हटलं, चारचौघांत तुझी शोभा नको."

कचरूभावजींनी घास खाली ठेवला आणि विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीत ताटात बघत होता. "एक चमचा," तो पुटपुटला. "टीस्पून. मला वाटलं, मी एकट्यानंच नोटीस केलंय." आणि मग मैना अशी हसत सुटली की तिला ठसका लागला, आणि कचरूभावजी, मच्छिंद्र, सगळेच हसायला लागले. शकू हसली नाही. तिला संताप आला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! आपण सर्दी म्हणून नाक ओढत होतो, तोंड वाकडं करत होतो, आणि हे सगळे ते बघून गप्प राहत होते, एकेकटे, एकमेकांनाही न सांगता. आपण नाटक करत होतो आणि घर प्रेक्षक होऊन बसलं होतं. संतापाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं, त्याला ती थांबवू शकली नाही. या तिघांनी न बोलता, चोरून, तिची लाज झाकायला मीठ टाकलं होतं. कुणी तिच्यावर इतकी माया करतं हे तिला ठाऊक नव्हतं, असं नाही. पण ती अशी खारट असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. ती बाल्कनीत गेली, गुढीपुढचं नैवेद्याचं ताट उचलून आणलं आणि मच्छिंद्रांपुढं ठेवलं. "ही वाटी तुमच्या कुणाच्या मिठाआधी काढलेली हाय," ती म्हणाली. "आता देवाचं झालंय. चाखा. आन् फक्कड म्हणाल तर ताट उचलून घेईन." मच्छिंद्रांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. त्यांनी दुसऱ्यांदा बोट बुडवलं. "मीठ बराबर हाय," ते सावकाश म्हणाले. "एकदम बराबर." शकूचा श्वास सुटला. "पण खोबरं जरा करपलंय, शके. मागनं कडवट लागतंय." "हो आई," ऋतुजा खाली बघून म्हणाली, "मला तेव्हा वास आला होता. पण तुम्ही वळून पाहिलं आणि माझी हिंमत नाही झाली."

करपलेलं खोबरं. शकूनं ते ऐकून घेतलं, तिला ते लागलं, पण नवल म्हणजे ते तिला सोसलं. हात गेला नव्हता. नाक गेलं होतं आणि बहुधा येणारही नव्हतं, हे पहिल्यांदा तिनं डोळ्यात पाणी न आणता स्वतःला सांगितलं. तिनं आमटीचं पातेलं दोन फडक्यांनी धरून उचललं. "पोळ्या तुपाशी खा तवर. राखून ठेवलेला कट हाय, मी आमटी वाढवून आणते. ऋतुजा, तू चल. खोबरं परत भाजायचंय, तू शेजारी उभी राहा आन् वास बदलला की सांग, माझ्याकडे बघत बसू नको. मिठाला मात्र हात लावायचा न्हाई कुणी. मीठ मी घालणार." "आणि कर्वेनगर?" विश्वजीतनं हळूच विचारलं. "तू जा की तिकडं जेवायला," शकू आतून म्हणाली.

आमटी पुन्हा पंगतीत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. या वेळी शकू वाढून झाल्यावर उभी राहिली नाही. ऋतुजाच्या शेजारी पाट ओढून बसली, आजवर ती सणाला सगळ्यांच्या आधी काय, सगळ्यांबरोबरही कधी बसली नव्हती. तिनं पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मऊ होता, ऊन होता, तूप ओठाला लागलं. बाकी काही नाही. तिनं सुनेकडे पाहिलं. "सांग," ती म्हणाली. "काय सांगू, आई?" "कशी लागतीय ते. नुसतं छान म्हणू नको, ते ह्यांनी म्हणून झालंय." ऋतुजानं घास घोळवला, विचार केला. "आधी तूप येतं," ती म्हणाली. "मग गूळ. आमच्याकडची याहून जास्त गोड राहते, ही तशी नाही. जायफळ एकदम शेवटी येतं, घशापाशी. आणि…" ती अडली. "त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. गूळ नाही, डाळ नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी. वास आहे की चव आहे, तेही सांगता येत नाही."

शकूचा घास हातात राहिला. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "नावाचं राहू दे," ती म्हणाली. "अजून सांग."